नाट्यप्रवेशासाठी मऊ तलवारी

१९ फेब्रुवारीची शिवजयंती जवळ आली की कासा परिसरातील अनेक शाळांच्या ओसरीवर पावनखिंडीची तालीम सुरू होते. शिवचरित्र चौथीच्या अभ्यासक्रमातच असल्यामुळे १६६० साली बाजीप्रभूंनी विजापुरी फौज कशी अडविली, हे मुलांना सांगावे लागत नाही. संवाद पाठ होतात, पागोटी बांधली जातात, आणि अखेरीस प्रश्न उरतो तो तलवारींचा. तो बहुधा घाईने सुटतो. बांबूच्या कामटीला चंदेरी कागद लावला जातो, किंवा विवळवेढ्याच्या महालक्ष्मी यात्रेत घेतलेली कडक प्लॅस्टिकची तलवार कोणाच्या तरी घरून येते.

या घाईत धोका आहे. बांबू आडवा मोडत नाही. तो उभा चिरतो आणि त्याच्या चिरफळीचे टोक सुईसारखे निघते. लढणारी दोन्ही मुले एकाच वर्गातील, म्हणजे जवळजवळ एकाच उंचीची. त्यामुळे निसटलेले टोक थेट समोरच्याच्या डोळ्याशी पोहोचते. गेलेला डोळा कोणत्याही स्नेहसंमेलनाने परत मिळत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्रातील आखाड्यांत तलवारीचे हात शिकविताना तलवारीऐवजी चामड्याने मढविलेला गदका व हातात लहान फरी देत असत. फरीगदक्याचा खेळ तो हाच. पाश्चात्त्य देशांत अलीकडे प्रौढ माणसेही सोंगे घेऊन लुटुपुटीच्या लढाया खेळतात. इंग्लंडमधील पेकफर्टन किल्ल्यात असा खेळ १९८२ साली सुरू झाला. अशा खेळांतील शस्त्रे फोमची असतात. तत्त्व एकच आहे. आघात जितक्या अधिक जागेवर पसरेल व जितका सावकाश होईल, तितका तो सौम्य लागतो.

चौथीच्या मुलास ६० सेंटिमीटर लांबीची तलवार पुरे. गाभ्यासाठी वीजजोडणीत वापरतात ती पीव्हीसीची हलकी नळी, बाहेरून २० मिलिमीटर जाडीची, ५५ सेंटिमीटर कापून घ्यावी. उन्हात पडून जुनी झालेली नळी ठिसूळ होते, ती घेऊ नये. मुठीसाठी १५ सेंटिमीटर सोडून उरलेल्या ४० सेंटिमीटरवर फोम चढवावा आणि तो नळीच्या टोकापुढे आणखी ५ सेंटिमीटर जाऊ द्यावा. वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांवर असते ती काळी फोमची नळी सोयीची; ती न मिळाल्यास दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातील पांढऱ्या फोमचे पत्रे गुंडाळावेत. सर्व बाजूंनी जाडी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. थर्मोकोल मात्र वर्ज्य, कारण तो मोडतो व त्याचा चुरा होतो.

खरी मेख नळीच्या टोकाशी आहे. कापलेली कडा फोम आतून कुरतडते आणि एके दिवशी बाहेर येते. वरून तलवार मऊच दिसत असते, म्हणून हा दोष अधिक घातक. कडा दगडावर घासून गुळगुळीत करावी, तीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन थर ठेवून दोऱ्याने घट्ट आवळावेत, आणि मगच फोम चढवावा. मुठीकडील टोकही असेच झाकावे. ते बहुधा विसरले जाते.

चिकटविण्यासाठी चपलांचे सोल्युशन वापरण्याचा मोह होतो. त्याची वाफ अपायकारक असल्याने ते मुलांच्या हाती देऊ नये. सुताच्या नाडीने फोम बांधून वर करड्या कापडाची पिशवी उशीच्या अभ्र्याप्रमाणे शिवली, तर डिंकाची गरजच पडत नाही. चंदेरी रंगाचे थरही देऊ नयेत. वाळलेला रंग कडक होतो आणि सारा खटाटोप वाया जातो.

तयार तलवारीचा पहिला वार शिक्षकाने स्वतःच्या उघड्या हातावर घ्यावा. नंतर टोक अंगठ्याने दाबावे. आत नळी जाणवली तर ती तलवार पुन्हा उसवावी, मग कार्यक्रम दुसऱ्या दिवशी का असेना.

तलवार मऊ झाली म्हणून हात मोकळा सोडता येत नाही. भोसकणे नाही आणि खांद्याच्या वर वार नाही, हे दोन नियम तालमीच्या पहिल्या दिवसापासून पाळावेत. येथे जव्हार-मोखाड्याकडील बोहाडा उपयोगी पडतो. तेथे देवदानवांची सोंगे वाद्यांच्या ठेक्यावर नाचत येतात आणि त्यांचे युद्धही नाचातच होते. मुलांनी ढोलाच्या ठेक्यावर मोजून वार केला, तर समोरच्यास तो कोठे येणार हे आधीच ठाऊक असते. प्रेक्षकांनाही आंधळ्या झटापटीपेक्षा अशी लढाई अधिक आवडते. ढोल थांबला की सर्व हात थांबले पाहिजेत, ही सवय निराळी करून घ्यावी.

वापरून वापरून फोम दबतो, म्हणून प्रत्येक तालमीपूर्वी टोकाची परीक्षा पुन्हा करावी. पावसाळ्यात तलवारी कपाटात कोंबल्यास कापडास बुरशी येते व उंदीर फोम कुरतडतात. पिशव्या काढून धुवाव्यात आणि तलवारी आढ्याला दोरीने टांगून ठेवाव्यात.