मरळीची पिल्ले आणि घनाचा हिशेब

अमरावती-अकोल्याकडील नद्या-तळ्यांत मरळ हा शिकारी मासा आढळतो. त्याची पिल्ले काचेच्या टाकीत एकत्र ठेवली, तर थोरली धाकट्यांना गिळू लागतात. असे का?

4 आणि 5 सेंटिमीटर लांबीची दोन पिल्ले घ्या. लांबीत फरक सव्वापटीचा; पण शरीराची ठेवण सारखी असल्याने वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. घन 64 आणि 125. म्हणजे वजन जवळजवळ दुप्पट! थोरले पिल्लू खाद्य आधी पटकावते, आणखी वाढते. अखेर धाकटे त्याच्या जबड्यात मावते.

म्हणून पिल्ले वरचेवर मोजून लांबीप्रमाणे वेगळी करा. दिवसातून अनेकदा खाद्य द्या, पाणवनस्पतींचा आडोसा ठेवा. मरळ उडी मारते. जाळीचे झाकण हवेच.

आता 6 आणि 9 सेंटिमीटर पिल्लांचा हिशेब तुम्हीच करा.