तृणमणीतील मुंगी

विद्यार्थ्यांनो, कल्याणजवळच्या मलंगगडाचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तप्त लाव्ह्यातून घडलेला आहे. त्या धगीत मुंगीसारख्या जिवाचा माग कसा राहावा? तसा माग लागला तो उत्तरेस, सुरतेजवळच्या वस्तान येथील कोळशाच्या खाणीत.

तेथे पिवळसर तृणमणी सापडतात. घासला असता गवताची काडी ओढून घेतो, म्हणून हा तृणमणी. वस्तुतः ती वृक्षाची राळ होय. बाभळीच्या ओल्या डिंकात अडकलेली मुंगी तुम्ही पाहिली असेल. डिंक पाण्यात विरघळतो. राळ मात्र पाण्यास दाद देत नाही. शालवृक्षाच्या कुळातील झाडांची अशीच राळ सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी पाझरली, गाळाखाली गाडली गेली आणि घट्ट झाली. वस्तानचा तृणमणी काहीसा मऊ असल्याने द्रावकात विरघळवून आतील कीटक अखंड बाहेर काढता येतो!

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे सातशेहून अधिक कीटक अभ्यासिले गेले. भारतभूमी कोट्यवधी वर्षे समुद्रातून एकटीच उत्तरेकडे सरकत होती. दीर्घकाळ एकाकी राहिलेल्या जिवांत निराळेपण वाढत जाते, म्हणून येथील कीटक जगावेगळे असतील, अशी अपेक्षा होती. आम्ही शिक्षकही वर्गात तसेच सांगत असू. परंतु येथील मधमाश्या, वाळव्या व मुंग्या यांचे सोयरे युरोपातील बाल्टिक किनाऱ्यावरच्या आणि थेट मध्य अमेरिकेतील तृणमण्यांत निघाले. भारत आशियास भिडण्याच्या सुमारास मधल्या बेटांच्या माळेवरून कीटकांची येजा सुरू झाली असावी, असे शास्त्रज्ञांस वाटते.