खडू मोजता येतो, मग 'चॉक' का नाही? : मोजता येणारी आणि न येणारी नामे

शाळेत इंग्रजी बोलण्याचा दिवस होता. नववीतल्या एका मुलीला खडू आणायला पाठवलं. ती ऑफिसात म्हणाली, 'गिव्ह मी टू चॉक्स.' तिथे कुणीतरी हसलं. बिचारी हिरमुसून परत आली आणि म्हणाली, "सर, दोन खडू हातात दिसतायत, मग मोजता येत नाही असं कसं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. 'जे मोजता येते ते काउंटेबल' ही व्याख्या दूध, वाळूपुरती ठीक. पण पैसे तर आपण रोज मोजतो, तरी 'मनी' अनकाउंटेबल! म्हणजे वस्तू मोजता येते का, हे बघायचंच नाही. इंग्रजी त्या शब्दाला सुटा नग मानते की पदार्थ, हे बघायचं. 'चॉक' हा पदार्थ, म्हणून मोजायचा त्याचा तुकडा : 'टू पीसेस ऑफ चॉक'. तसंच 'टू बार्स ऑफ सोप', 'टू स्लाइसेस ऑफ ब्रेड'.

खरी गोची होते ती मराठीमुळे. आपल्याकडे बातम्या, सल्ले ही अनेकवचनं आहेत, म्हणून आपण 'न्यूज आर', 'ॲडव्हाइसेस' लिहून मोकळे होतो. बरोबर काय? 'द न्यूज इज गुड' (शेवटच्या एसला फसू नका!) आणि 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. केस मराठीत 'काळे आहेत', इंग्रजीत मात्र 'हर हेअर इज ब्लॅक'. पण आमटीत एक केस सापडला, तर तो 'अ हेअर'! तिथे तो सुटा नग झाला.

'माहित्या' असं आपण कुणीच म्हणत नाही. तरी पत्रलेखनात 'इन्फॉर्मेशन्स' दर वर्षी सापडतं. इथे तर मराठी कान मदतीला होता की!

परीक्षेत अडलात तर शब्दाआधी 'मेनी' आणि 'मच' लावून पाहा. 'मेनी कॉइन्स', पण 'मच मनी'. 'अ फ्यू' काउंटेबलला, 'अ लिटल' अनकाउंटेबलला. 'सम' आणि 'अ लॉट ऑफ' दोघांनाही चालतात, त्यामुळे त्यांच्यावरून काही ओळखता येत नाही.

आता ही वाक्यं वहीत दुरुस्त करा :
'आय हॅव मेनी होमवर्क्स.'
'वुई बॉट थ्री फर्निचर्स.'
'शी गेव्ह मी ॲन इन्फॉर्मेशन.'

दुसऱ्या वाक्यात 'पीसेस ऑफ' लागेल. पहिल्यात नाही.