इंजंबाक्कम की मुट्टुकाडू? एका मोकळ्या दिवसाचे अप्रिसिएशन

कॅडेट मित्रहो, चेन्नईच्या सेंट थॉमस माउंट भागात ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. 1963 मध्ये आणीबाणीच्या कमिशनसाठी पुणे आणि मद्रास अशा दोन ठिकाणी अशा शाळा सुरू झाल्या. पुण्याची लवकरच बंद झाली, मद्रासची टिकली आणि 1988 पासून ‘अकॅडमी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. 1992 पासून तिथे मुलीही प्रशिक्षण घेतात. साधारणपणे मार्च आणि सप्टेंबरमध्ये पासिंग आउट परेड होते. त्या वेळी सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिककडची कितीतरी कुटुंबे चेन्नईला उतरतात. आई-वडील मुलाच्या किंवा मुलीच्या खांद्यावर तारे लावतात, फोटो होतात, डोळे पुसले जातात आणि मग लक्षात येते की परतीच्या गाडीला अजून एक अख्खा दिवस आहे. थोड्याच दिवसांत तो नवा अधिकारी आपल्या युनिटमध्ये रुजू होणार. पुन्हा सगळे एकत्र कधी येतील ते सांगता येत नाही. तो एक दिवस कुठे घालवायचा?

धाकटी भावंडे बरोबर असली की उत्तर ठरलेले असते: ‘पार्कला जाऊ.’ मग वाद सुरू होतो, व्हीजीपी की एमजीएम? माझ्या पुतणीच्या परेडच्या वेळी आमच्याकडेही हाच वाद झाला. एका बाजूला तेरा वर्षांचा पुतण्या, दुसऱ्या बाजूला गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई आणि मध्ये जिच्यासाठी सगळे जमलो होतो ती लेफ्टनंट. वर्गात ज्याला आपण अप्रिसिएशन म्हणतो, म्हणजे उद्दिष्ट, परिणाम करणारे घटक, पर्याय आणि निर्णय, ते मी तिथे हॉटेलच्या खोलीत कागदावर मांडले. तेच इथे सविस्तर देतो.

आधी भूगोल. चेन्नईहून दक्षिणेला समुद्राच्या कडेने महाबलीपुरमकडे जाणारा रस्ता म्हणजे ईस्ट कोस्ट रोड. सगळे त्याला ईसीआरच म्हणतात. शहराकडून निघाल्यावर आधी इंजंबाक्कमला व्हीजीपी युनिव्हर्सल किंगडम लागते. तिथून सुमारे दहा किलोमीटर पुढे मुट्टुकाडूला एमजीएम डिझ्झी वर्ल्ड आहे. दोन्ही एकाच रस्त्यावर, दोन्ही समुद्राच्या बाजूला. नावे आद्याक्षरांची असल्याने बाहेरच्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. व्हीजीपी म्हणजे व्ही. जी. पन्नीरदास. हप्त्याने वस्तू विकण्याच्या धंद्यातून हे घराणे मोठे झाले. एमजीएमचा हॉलिवूडच्या सिंहवाल्या कंपनीशी काही संबंध नाही. तो चेन्नईचाच उद्योगसमूह आहे. ‘डिझ्झी’ ऐकून डिस्ने आठवावा ही मात्र नाव ठेवणाऱ्याची इच्छा असावी, असे मला वाटते! खरे डिस्नेलँड 1955 मध्ये कॅलिफोर्नियात उघडले. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर 1984 मध्ये आणि मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये आले. आपल्या मुलांना मात्र खोपोलीचे इमॅजिका जास्त ठाऊक. ते 2013 चे. इमॅजिकाचे चित्र डोक्यात ठेवून ईसीआरला जाऊ नये. इथली दोन्ही ठिकाणे वेगळ्या पिढीची आहेत.

आता घटक. पहिला हवामान, आणि इथेच महाराष्ट्रातली माणसे फसतात. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर सहलीचे महिने असे आपण धरून चालतो. चेन्नईला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. दिवाळीच्या सुट्टीत तिकीट काढणाऱ्याने हे आधी पाहावे. सप्टेंबरमध्ये उकाडा असतो आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते, नुसता वाहून उपयोग नाही. म्हणून तिथे पाण्याबरोबर मीठही पोटात जायला हवे. ताक मिळाले तर उत्तम. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मात्र फरक जाणवतो. शिवाय हा पूर्व किनारा आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि दुपारनंतर आपल्या पाठीशी जातो. त्यामुळे चारनंतर वाळूवर बसणे सुखाचे. रत्नागिरीकडच्या माणसाला समुद्राकडे तोंड करून सूर्यास्त शोधायची सवय असते, ती इथे उपयोगाची नाही.

दुसरा घटक पाळणे. पुतण्याचा आग्रह एमजीएमसाठी होता, ‘तिथली झोपाळ्याची होडी मोठी असते’ म्हणून. त्याला मी दोलकाचे गणित घातले. तुम्हीही करून पाहा. होडी जास्तीत जास्त जितक्या कोनात वर जाते तो कोन थीटा धरा. खालून जाताना आसन आपल्याला जितक्या जोराने वर रेटते, ते आपल्या वजनाच्या 3 वजा 2 कोसाइन थीटा इतके पट येते. 60 अंशांना दुप्पट, 90 अंशांना तिप्पट. पन्नास किलोच्या कॅडेटला शंभर किंवा दीडशे किलोचे झाल्यासारखे वाटेल. आता सूत्राकडे नीट बघा: त्यात दोलकाची लांबी कुठेच नाही. होडी लहान असो की मोठी, कोन तोच असेल तर दाबही तोच. लांब दोलकाचा हेलकावा जास्त वेळ चालतो आणि वेग जास्त असतो, एवढाच फरक. तेव्हा आकारावर जाऊ नका, बाहेर उभे राहून कोन मोजा. पुतण्या गप्प झाला, पण पटले नव्हते.

रांगेचेही गणित आहे आणि ते पालकांच्या कामाचे. एका पाळण्यात 24 जण बसतात आणि चढणे-उतरणे धरून एक फेरी पाच मिनिटांची आहे, असे समजा. तासाला 288 जण होतात. पुढे 144 माणसे असतील तर अर्धा तास गेला. प्रवेशाच्या रकमेला पाळण्यांच्या एकूण संख्येने भागून ‘स्वस्त पडते’ म्हणण्यात अर्थ नाही. आपण प्रत्यक्षात किती वेळा बसू, त्याने भागा. शनिवार-रविवारी हा भागाकार फारसा गोड येत नाही. परेड शनिवारी असेल तर मोकळा दिवस रविवारच येतो, हेही लक्षात घ्या.

माझ्या मते पाळणे आणि पाण्याचे खेळ एवढाच हेतू असेल तर एमजीएम सरस. व्हीजीपीतही पाळणे आहेत, पण त्याचा जीव बागेत, पुतळ्यांत आणि थेट लागून असलेल्या किनाऱ्यात आहे. आणि एका माणसात. व्हीजीपीची जुनी ओळख म्हणजे तिथला ‘सिलै मनिदन’, पुतळा-माणूस. दरबारी पोशाखात, मोठ्या मिशा लावून तो तासन्‌तास हलत नाही. लोक वाकुल्या दाखवतात, विनोद सांगतात, तो हसत नाही. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यावरच्या पहारेकऱ्यांवरून ही कल्पना सुचली, असे सांगतात.

आपल्या कॅडेटांनी त्याच्याकडे गंमत म्हणून पाहू नये. सावधानमध्ये दहा मिनिटे उभे राहिल्यावर आपल्याकडे दर परेडला एखादा कोसळतोच. कारण कमकुवतपणा नव्हे. पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. ते अजिबात हलले नाहीत की रक्त खाली साचते, मेंदूला कमी पोचते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उकाड्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून उन्हाळ्यात हे जास्त घडते. उपाय बाहेरून दिसत नाही: बुटाच्या आत बोटे दाबा आणि सोडा, पोटऱ्या आवळा आणि सैल करा, गुडघे मागे ताठ ओढून कुलूप लावल्यासारखे ठेवू नका, आणि सकाळी पाणी पिऊन, काहीतरी खाऊन मैदानावर या.

सुरक्षिततेबद्दल पालकांना एकच सांगतो. पाळण्यात बसण्याआधी एक पूर्ण फेरी बाहेरून पाहा. कर्मचारी प्रत्येकाचा आडवा दांडा हाताने ओढून तपासतो का, उंचीची अट पाळतो का, हे पाहा. तपासत नसेल तर उतरून या, तिकीट गेले तरी चालेल. हृदयाचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी तिप्पट वजनाच्या वाटेला जाऊ नये. आणि समुद्रात पोहायचे नाही. या किनाऱ्यावर पाण्याची ओढ जबर आहे. पोहता येणाऱ्यांनीही घोट्यापुढे जाऊ नये.

राहिला निर्णय. कागदावर उद्दिष्टाच्या जागी पुतण्याने ‘मजा करणे’ लिहिले होते. माझ्या आईने ते वाचायला लावले आणि म्हणाली, “अरे, पाळण्यात बसायला मी एवढ्या लांब आले का? मला पोरीशी बोलायचंय.” उद्दिष्ट बदलले की घटकांची वजने बदलतात. रांगेत अर्धा अर्धा तास विखुरलेले कुटुंब एकत्र असल्यात जमा नाही. पुतणीचेही मत घेतले. ती म्हणाली, “काका, कुठेही चला, फक्त मला उभं करू नका.”

मग आखणी अशी झाली. सकाळी भाऊ पुतण्याला घेऊन एमजीएमला, मधला वार असल्याने गर्दी कमी. आम्ही बाकीचे शेजारच्या दक्षिणचित्रमध्ये. 1996 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात दक्षिणेची जुनी घरे मूळ लाकूडकामासह पुन्हा उभी केली आहेत, आणि ओसरीवर बसायला कोणी मनाई करत नाही. आई तिथल्या चेट्टिनाड घराच्या ओसरीवर पुतणीचे डोके मांडीवर घेऊन तासभर बसली. अकॅडमीतल्या रात्रीच्या रूट मार्चचे, पायाला आलेल्या फोडांचे आणि पहिल्या महिन्यात घरी न सांगितलेल्या तापाचे सगळे तिथे निघाले. दुपारी तीनला भाऊ आणि पुतण्या आले. सगळे परतीच्या वाटेवर इंजंबाक्कमला उतरलो आणि अंधार पडेपर्यंत व्हीजीपीच्या वाळूवर होतो.

दोन ठिकाणची तिकिटे काढल्याने खर्च वाढला, हे खरे. पण भाऊ आणि पुतण्या सोडून एमजीएमचे तिकीट कोणाचेच काढावे लागले नाही. पुतण्याने होडीचा कोन मोजून आणला होता, अंदाजे 70 अंश. म्हणजे किती पट, ते तुम्ही काढा.