सौर डाग आणि सौर ज्वाला

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हे इंग्रज खगोलज्ञ सौर डागांच्या एका मोठ्या समूहाचे रेखाचित्र काढीत होते. अकस्मात त्या समूहावर दोन प्रखर, शुभ्र ठिपके चमकले आणि सुमारे पाच मिनिटांत मावळले. रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच दृश्य पाहिले. सौर ज्वालेचे हे पहिले नोंदलेले निरीक्षण होय. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे नोंदले गेले. एरवी दिवसभरात त्यात काही दशक नॅनोटेस्लांचाच फरक पडतो.

मग डाग हेच ज्वालेचे कारण मानावे काय? १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी सौर डागांत तीव्र चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखवून दिले. हे क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडविते; त्यामुळे डाग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा थंड आणि म्हणून काळा दिसतो. ज्वाला मात्र या काळ्या भागातून बाहेर पडत नाही. डागांना जोडणाऱ्या चुंबकीय रेषांना सौर वातावरणात पीळ पडत जातो व त्यांत ऊर्जा साठते. ताण असह्य झाला की रेषा तुटून नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मुक्त होते. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतो. पुष्कळदा ज्वालेबरोबर विद्युत्‌भारित वायूचा लोटही उसळतो. त्याला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. १८५९ मध्ये तो अठरा तासांच्या आतच आला आणि कुलाब्याची घसरण त्याच्यामुळे घडली.

यावरून स्पष्ट होईल की, डागांची संख्या वा आकार एवढ्यावरून ज्वालेचे भाकीत करता येत नाही. साधा, सुटसुटीत डाग मोठा असूनही शांतपणे मावळू शकतो. याउलट, जेथे परस्परविरुद्ध ध्रुवांचे डाग एकमेकांत गुंतलेले असतात, तेथे मोठ्या ज्वालांचा संभव सर्वाधिक असतो. अकरा वर्षांच्या सौरचक्रात डाग वाढले की ज्वालाही वाढतात, त्याचे कारण असे समूह तेव्हा अधिक निर्माण होतात.

पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण २०२३ मध्ये आदित्य-एल१ यानातून अवकाशात गेली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी तिने एका प्रबळ ज्वालेची चित्रे टिपली. कृत्रिम उपग्रह, रेडिओसंदेश आणि वीजवाहिन्या यांची सुरक्षितता अशा वेधांवर अवलंबून आहे. ज्वाला उफाळण्याचा नेमका क्षण आधी सांगणे मात्र अद्याप साधलेले नाही.