चालणे आणि रक्तवाहिन्या

आमचे अण्णा लातूर जिल्ह्यात शेतात राबत, तेव्हा त्यांना वेगळा व्यायाम करावा लागत नसे. नांदेडला आल्यावर दुकानातले बैठे काम आले आणि काही वर्षांत मधुमेह जडला. पायाची जखम भरेना, तेव्हा मी या विषयाचे वाचन सुरू केले.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे अतिशय पातळ अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करते. त्यामुळे वाहिनी सैल होऊन रुंदावते. या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहात वाढलेल्या साखरेने हे अस्तर दुबळे होते. चालताना रक्तप्रवाह वाढतो, अस्तरावर त्याचे घर्षण होते आणि वायूची निर्मिती वाढते. शिवाय काम करणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात. मात्र व्यायाम थांबला की हा लाभ ओसरू लागतो. म्हणून आठवड्यातून किमान १५० मिनिटे, सलग दोन दिवसांहून अधिक खंड न पाडता चालावे, असे तज्ज्ञ सांगतात. औषधे मात्र सोडू नयेत. पायाला जखम असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

जखम भरल्यावर, डॉक्टरांच्या परवानगीने, आम्ही दोघे पहाटे गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जातो. परतल्यावर मी अण्णांचे तळपाय तपासते. पूर्वी ते संकोचाने पाय मागे घेत. आता घेत नाहीत.