‘कुमार’ आणि ‘गंधर्व’ : एका बालगायकाच्या जीवनाचा अभ्यास

आपल्या संस्थेच्या गणेशोत्सवात दर वर्षी एक प्रसंग हमखास घडतो. आठ-दहा वर्षांची एखादी मुलगी, नाही तर मुलगा, व्यासपीठावर येतो. पेटीवाला स्वर देतो, आणि ते मूल एखाद्या थोर गवयाची ध्वनिमुद्रिका अथपासून इतिपर्यंत, तानेसकट आणि खटक्यासकट, जशीच्या तशी म्हणून दाखवते. मंडपात टाळ्यांचा कडकडाट होतो. कोणी ‘वन्स मोअर’ म्हणतो, कोणी खिशातून नोट काढून बक्षीस जाहीर करतो. आईबापांचे डोळे भरून येतात. हा आनंद खोटा नाही, आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु संगीतशिक्षक म्हणून उभा जन्म घालविल्यावर एक प्रश्न मला सोडीत नाही. या मुलांचे पुढे काय होते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पुस्तकी चर्चेपेक्षा एक चरित्र समोर ठेवणे बरे. असे चरित्र आपल्याला दूर शोधावयास नको. ज्याचा जन्म बेळगावजवळ झाला, विद्या मुंबईत झाली आणि ज्याचे कर्तृत्व इंदूरहून अवघ्या 35 किलोमीटरवरील देवासला फुलले, ते कुमार गंधर्व आपल्या सर्वांच्याच घरचे आहेत. त्यांची थोरवी गाणारे लेख पुष्कळ झाले. येथे आपण केवळ एवढेच पाहू की, बालपणी मिळालेल्या कीर्तीचे त्यांनी काय केले.

1. सुळेभावीचा मुलगा

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी झाला. घर लिंगायत, घरची भाषा कानडी. वडील स्वतः गाणारे आणि गाण्याचे वेडे होते. घरात गाणे होते म्हणून मूल गाऊ लागले, एवढे सांगून मात्र भागत नाही. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत या मुलाने गाण्याकडे विशेष लक्ष दिल्याची खूण नव्हती. मग एकाएकी तो गाऊ लागला, आणि गाऊ लागला तो कोणी न शिकविता. अब्दुल करीमखाँ, फैयाजखाँ अशा बुजुर्गांच्या तबकड्या ऐकून तो त्या हुबेहूब म्हणू लागला. हुबेहूब म्हणजे केवळ चाल नव्हे. आवाजाची फेक, दम घेण्याची जागा, तानेचा वळसा, सारे तसेच.

हे ऐकून एका लिंगायत मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. तेव्हा त्याचे वय सात वर्षांच्या आसपास होते. आपल्याकडे ‘गंधर्व’ हा शब्द काही स्वस्त नाही. नारायण राजहंस नावाच्या मुलाचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटले, ही कथा घराघरांतून सांगितली जाते. अशी पदवी म्हणजे बक्षीस असते, तसेच ते ओझेही असते. सात वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हे ओझे आले, आणि वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. पुढे अलाहाबादच्या संगीत परिषदेत आणि 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमधील परिषदेत हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला, तेव्हा मोठमोठे गवई चकित झाले.

येथपर्यंतची कथा अनेक बालगायकांची आहे. खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो.

2. दुसरी बाजू

पुढे जाण्यापूर्वी आणखी एका मुलाची आठवण करणे योग्य होईल. पंजाबातील जालंधरजवळच्या एका खेड्यात 1927 साली जन्मलेला मास्टर मदन साडेतीन वर्षांचा असतानाच श्रोत्यांपुढे गाऊ लागला. संस्थानांच्या दरबारांतून आणि रेडिओवरून त्याचे नाव उत्तर हिंदुस्थानभर झाले. तो 1942 च्या जूनमध्ये सिमल्यास वारला. वय अवघे चौदा. त्याची म्हणून आज जी गाणी ऐकावयास मिळतात ती फक्त आठ. ती ऐकताना मन हेलावते, आणि मोठेपणी हा मुलगा काय गायला असता, हा विचार पाठ सोडीत नाही.

मृत्यूपुढे कोणाचा इलाज नाही. परंतु जी मुले जगतात, त्यांच्यातलेही गाणे अनेकदा चौदाव्या-पंधराव्या वर्षी संपते. याचे एक कारण शरीरातच आहे. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. ज्या पट्टीत तो टाळ्या घेत होता, ती पट्टीच नाहीशी होते. मुलींच्या आवाजातही फरक पडतो, तो कमी जाणवतो एवढेच. दुसरे कारण आपल्यात, म्हणजे ऐकणाऱ्यांत आहे. सात वर्षांच्या मुलाने केलेली नक्कल हा चमत्कार असतो, सतरा वर्षांच्या मुलाने केलेली तीच नक्कल केवळ नक्कल ठरते. गाणे तेच असते, पण आपले कौतुक आटते.

3. देवधरांची शाळा

शिवपुत्राचे भाग्य असे की, हा धोका ओळखणारा माणूस त्याला वेळीच भेटला. प्रा. बा. र. देवधर हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य होते. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांचे संगीत विद्यालय होते. मुलगा 1936 च्या सुमारास त्यांच्याकडे आला तो शिकण्यासाठी. ही गोष्ट लहान वाटते, पण तीत सारे मर्म आहे. ज्याला ऐकण्यासाठी लोक गर्दी करीत होते, तो पुन्हा विद्यार्थी होऊन पाटीपुढे बसला.

देवधरांच्या दृष्टीत एक मोठेपणा होता. आपल्या घराण्याबाहेरचे गाणे कानावर पडू न देण्याची जुनी रीत त्यांनी मानली नाही. त्यांच्याकडे सर्व घराण्यांच्या गवयांची ये-जा असे. बंदिशी जमविणे, गवयांची चरित्रे व रीती समजून घेणे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्याजवळ राहून मुलाला जे मिळाले, ते म्हणजे नकलेच्या पलीकडचा प्रश्न. अमुक गवई ही तान येथेच का घेतो? हा स्वर येथे उशिरा का लावतो? नक्कल करणाऱ्याला ‘काय’ ठाऊक असते. विद्यार्थ्याला ‘का’ विचारावे लागते. पुढे मूळच्या गोमंतकातील, भेंडीबाजार घराण्याच्या नामवंत गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्याकडूनही कुमारांनी विद्या घेतली. विशीत पोहोचण्यापूर्वीच ते त्याच विद्यालयात दुसऱ्यांना शिकवू लागले होते.

4. मुकेपणाची वर्षे

1947 साली कुमारांचा विवाह भानुमती कंस यांच्याशी झाला. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच समजत. कोरडी हवा हवी म्हणून 1948 च्या जानेवारीत हे जोडपे देवासला आले. देवास ही पवारांची नगरी. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने तेथे शेजारी शेजारी नांदली होती. चामुंडेच्या टेकडीखालच्या त्या गावी मुंबईचा हा तरुण गवई अंथरुणावर पडला, आणि डॉक्टरांनी गाण्याची बंदी केली.

येथे भानुताईंचे ऋण सांगितल्याखेरीज पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. त्या स्वतः गाणे शिकलेल्या होत्या. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले आणि पतीची शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे 1943 साली शोधले गेलेले औषध आपल्याकडे मिळू लागले, आणि कुमार हळूहळू बरे झाले. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले ते कायमचेच.

पाच-सहा वर्षे ज्याला गाता येत नाही, अशा गवयाने काय करावे? कुमारांनी ऐकले. खिडकीबाहेर पाखरांचे आवाज येत. रस्त्यावरून भजने गात फिरणारे साधू जात. आसपासच्या बायका लग्नात, श्रावणात, दळताना माळवी गीते गात. जन्मभर दुसऱ्यांनी त्यांना ऐकले होते. आता ते दुसऱ्यांना ऐकू लागले. बरे वाटू लागल्यावर त्यांनी आणि भानुताईंनी शेकडो माळवी लोकगीते जमविली व त्यांच्या चाली उतरवून घेतल्या.

5. नवे गाणे

1953 च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले, तेव्हा श्रोत्यांना एक वेगळाच गवई दिसला. एक फुप्फुस गेल्याने दम कमी पडला, म्हणून ते लहान लहान तुकड्यांनी गाऊ लागले, असे सर्रास म्हटले जाते. हे उत्तर फार तर अर्धे आहे. दम कमी झालेले गवई पुष्कळ असतात, पण ते सगळे कुमार होत नाहीत. दमाच्या अडचणीने वाट अरुंद केली असेल. त्या वाटेने कोठे जायचे, हे त्यांनी अंथरुणावर ऐकता ऐकता ठरविले होते.

त्यांच्या विचाराचे सार साध्या शब्दांत असे सांगता येईल. चार-पाच स्वरांत फिरणारी एखादी लोकधून घ्या. तिच्यात एक विशिष्ट वळण असते, ते हलविले की धून मरते. हे वळण म्हणजेच रागाचे बीज. शास्त्रकारांनी राग आकाशातून आणले नाहीत. लोकांच्या गळ्यातल्या धुनांतूनच ते निपजले. मग आजच्या धुनांतून नवा राग का निपजू नये? या विचारातून त्यांनी मालवती, संजारी, लगनगांधार, मधसुरजा असे राग निर्माण केले. त्यांना ते ‘धुन-उगम राग’ म्हणत. स्वतःच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह त्यांनी 1965 साली प्रसिद्ध केला.

ऋतूंवरचे कार्यक्रम, माळव्याच्या लोकगीतांची मैफल, कबिराची निर्गुणी भजने, अशी त्यांची कामगिरी विस्तृत आहे. आपल्या लोकांना दोन गोष्टी मात्र विशेष जिव्हाळ्याच्या वाटतील. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या गीतांचा त्यांनी स्वतंत्र कार्यक्रम केला. दुसरा कार्यक्रम होता ‘मला उमजलेले बालगंधर्व’. येथे आपण क्षणभर थांबावे. लहानपणी हुबेहूब नक्कल करणारा तोच हा मुलगा. आता मोठेपणी तो बालगंधर्वांची पदे गातो, पण नाव देतो ‘मला उमजलेले’. नक्कल आणि उमज यांत जे अंतर आहे, ते तोडण्यास त्याला सुमारे तीस वर्षे लागली.

1961 साली भानुताई वारल्या. पुढल्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि अखेरपर्यंत मैफलीत त्यांची साथ राहिली. 1977 साली पद्मभूषण व 1990 साली पद्मविभूषण हे सन्मान कुमारांना लाभले. 12 जानेवारी 1992 रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. ‘कुमार’ हे नाव मात्र सदुसष्टाव्या वर्षीही त्यांनी टाकले नाही.

6. माझी चूक

आता एक गोष्ट माझ्या पदरची सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा शिकत असे. गळा असा की ऐकत राहावे. त्याला घेऊन एका गणेशोत्सवात मी दहा दिवसांत अकरा ठिकाणी गायला लावले. आईबाप खूष होते, मंडळे खूष होती, आणि खरे सांगायचे तर शिक्षक म्हणून माझेही नाव होत होते. त्याचा आवाज तेव्हा फुटू लागला होता. तो एकदा म्हणाला, “सर, वरचा स्वर लागताना दुखतंय.” मी म्हणालो, “एवढी दोन गाणी काढ, मग विश्रांती घे.” शेवटच्या दिवशी भर मंडपात आवाज चिरकला, आणि मागच्या रांगेतली पोरे हसली. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, संसार चांगला झाला. वाटेत भेटला की आजही वाकून नमस्कार करतो. पण गाण्याचा विषय तो काढीत नाही, आणि मलाही काढण्याचा धीर होत नाही.

त्या मुलाचा कुमार गंधर्व झाला असता, असे मी म्हणत नाही. पण तो घरी, देवापुढे, आपल्या मुलांना मांडीवर घेऊन तरी गायला असता. तेवढे मी त्याच्यापासून हिरावले.

7. आपण काय करावे?

या अभ्यासातून मला जे सुचते ते संस्थेच्या सभासदांपुढे नम्रपणे ठेवतो.

पहिले, आवाज फुटण्याच्या काळात मुलाला व्यासपीठावर आणू नये. त्या वर्षा-दोन वर्षांत त्याला ऐकू द्यावे, तबला शिकू द्यावा, बंदिशी लिहून घेऊ द्याव्या.

दुसरे, स्पर्धेत हुबेहूब नकलेला जसे बक्षीस देतो, तसे एखादे बक्षीस प्रश्नाला द्यावे. मुलाने गायिलेल्या रागाविषयी त्याला दोन गोष्टी विचाराव्या. चुकला तरी चालेल. विचार केला आहे की नाही, एवढे पाहावे.

तिसरे, आपल्या शिष्यवृत्ती निधीतून एका वेळच्या रोख बक्षिसाऐवजी चार-पाच वर्षांच्या शिक्षणाची सोय करावी. टाळी एका रात्रीची असते, विद्येला वर्षे लागतात.

चौथे, आणि हे आईबापांसाठी. आपले मूल गाण्यात पुढे गेले नाही, तर त्याला अपयशी म्हणू नये. चांगले कान असलेला श्रोता हीदेखील संगीताची मोठी मिळकत आहे.

देवासच्या त्या खोलीत एक तरुण गवई पाच-सहा वर्षे गप्प पडून होता, आणि त्याच मौनात त्याला त्याचे स्वतःचे गाणे सापडले. आपल्या मुलांवर असे आजारपण कधी न येवो. पण थोडी शांतता, थोडा अवकाश आणि चुकण्याची मुभा एवढे तर आपण त्यांना आजारपणावाचून देऊ शकतो. येत्या गणेशोत्सवात एखादे मूल गाऊन उतरेल, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवाव्या. त्यानंतर त्याला जवळ बोलावून एवढेच विचारावे, “बाळ, सध्या शिकतोस काय?”